बटणे कमी म्हणजे घड्याळ सोपे, हे खरे नाही

उशाशी ठेवायच्या गजराच्या घड्याळाविषयी एक मजकूर गेली काही वर्षे थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा समोर येतो. त्याचा आशय असा की घड्याळावर बटणे जितकी कमी तितके ते वापरायला सोपे, आणि आदर्श घड्याळाला तर एकच बटण असावे. वेळ त्याने आपली आपण लावून घ्यावी. आकडे मोठे आणि झगझगीत असावेत. आवाज कर्णकर्कश असावा, म्हणजे माणूस उठतोच. आणि एवढे सगळे करूनही शेवटी हाताशी फोन आहेच, तेव्हा या वस्तूच्या रचनेत आता कुणी डोके घालावे असे काही उरलेले नाही. पाचही विधाने ऐकायला रास्त वाटतात. माझ्या मते त्यांतले एकही जसेच्या तसे टिकत नाही, आणि पहिले तर सर्वांत कमी टिकते, म्हणून त्याच्यासाठी जास्त जागा घेतो.

या घड्याळाकडून आपण कोणती कामे करून घेतो ते आधी मोजावे. वेळ लावणे, गजराची वेळ लावणे, गजर चालू किंवा बंद ठेवणे, वाजू लागलेला गजर थोड्या वेळापुरता गप्प करणे, तो पुरता बंद करणे, आणि अंधारात किती वाजले ते पाहणे, अशी ही सहा कामे आहेत. बटणे काढून टाकल्याने ही कामे कमी होत नाहीत, ती सगळी उरलेल्या एका बटणाच्या पोटात कोंबली जातात. मग ते बटण एकदा दाबले की दिवा लागतो, दोनदा दाबले की गजराची वेळ दिसते, तीन सेकंद दाबून धरले की आकडे लुकलुकू लागतात, लुकलुकत असताना दाबले की तास पुढे सरकतो, आणि मध्येच विचार करायला थांबलो की घड्याळ कंटाळून मूळ पदावर येते. एकाच बटणाचा अर्थ असा क्षणाक्षणाला बदलत असेल, तर या क्षणी तो अर्थ कोणता आहे हे लक्षात ठेवण्याचे काम वापरणाऱ्यावर येते, आणि हे काम त्याने दिवसातल्या ज्या वेळी करायचे असते त्या वेळी तो एक तर पेंगत असतो किंवा अर्धवट जागा झालेला असतो. यातून होणारी सर्वांत वाईट चूक म्हणजे गजर बदलायला जाऊन घड्याळाची मूळ वेळच बदलून बसणे. ती रात्री कळत नाही, सकाळी उशीर झाल्यावर कळते.

आमच्या घरी भेट म्हणून आलेल्या अशाच एका घड्याळात (ते कुणी बनवले होते याला महत्त्व नाही) पुढे गेलेला तास मागे आणण्याची सोयच नव्हती. पाचचा गजर लावताना बोट चुकून सहावर गेले, तर पुन्हा पाचवर यायला आणखी तेवीस वेळा बटण दाबणे भाग होते, आणि त्या घाईत पुन्हा पाच ओलांडून पुढे जाणे हे ठरलेलेच. आईने पहिल्या आठवड्यातच ते कपाटावर ठेवून दिले आणि किल्लीचा जुना टाइमपीस परत उशाशी आणला.

त्या टाइमपीसकडे एकदा या हिशेबाने पाहावे. पाठीमागे दोन किल्ल्या, एक घड्याळाची आणि एक गजराची; काटे फिरवण्याची एक खुंटी, गजराचा काटा फिरवण्याची दुसरी; घड्याळ जलद-मंद करण्याची एक बारीक दांडी; आणि गजर बंद करण्याची एक कळ. वरच्या विधानाच्या कसोटीवर ही वस्तू सपशेल नापास व्हायला हवी, कारण एकूण सहा ठिकाणी हात घालावा लागतो. प्रत्यक्षात लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसांनीही ती आयुष्यभर वापरली. याचे कारण प्रत्येक कळीला एकच काम होते, प्रत्येक काम वेगळ्या जागी होते आणि प्रत्येक कळीचा आकार हाताला निराळा लागत होता. शिवाय केलेले काम दिसत होते. गजर किती वाजताचा आहे हे सांगायला छोटा काटा तबकडीवर चोवीस तास उभा होता, त्यासाठी काहीही दाबावे लागत नव्हते. पुढच्या काळातल्या घड्याळांत गजर चालू-बंद करण्यासाठी सरकती कळ आली, तिचाही हाच गुण होता: ती कुठल्या बाजूला आहे हे अंधारात बोटाला कळते. दाबायच्या बटणाला ही स्मृती नसते. ते दाबले काय, न दाबले काय, हाताला सारखेच लागते, आणि गजर लागला की नाही हे पाहण्यासाठी पडद्याच्या कोपऱ्यातले मुंगीएवढे घंटेचे चित्र चष्मा लावून शोधावे लागते.

कमी बटणांच्या बाजूने हमखास पुढे केले जाणारे उदाहरण म्हणजे डीटर राम्स आणि डीट्रिख लुब्स यांनी ब्राउन या जर्मन कंपनीसाठी १९७० आणि १९८० च्या दशकांत घडवलेली छोटी गजराची घड्याळे. ती देखणी आहेत यात वाद नाही. काळी तबकडी, पांढरे आकडे आणि काटे, पिवळा सेकंदकाटा, आणि बाकी काहीही नाही. पण ती पुढून पाहिली तरच 'बाकी काहीही नाही'. पाठीमागे वेळेची खुंटी वेगळी, गजराची वेगळी, आणि गजर चालू-बंद करायची कळ वरच्या अंगाला, जिथे झोपलेल्या माणसाचा हात आपोआप पडतो. या मंडळींनी रोज लागणारी कळ हाताखाली ठेवली आणि क्वचित लागणाऱ्या पाठीमागे नेल्या. कळी घटवणे आणि कळींची जागा ठरवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि छायाचित्रावरून रचना शिकणाऱ्यांना दुसरी दिसत नाही.

स्नूझच्या, म्हणजे वाजणारा गजर थोड्या वेळापुरता गप्प करणाऱ्या कळीच्या बाबतीत हाच घोटाळा अधिक महाग पडतो. १९५६ साली जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीच्या टेलिक्रॉन या घड्याळ-विभागाने 'स्नूझ-अलार्म' बाजारात आणला, तेव्हापासून ही कळ घड्याळावरची सर्वांत जास्त बडवली जाणारी कळ आहे, आणि ती सर्वांत मोठी असावी हे बरोबरच आहे. मात्र तीच कळ जरा जास्त वेळ दाबली की गजर पुरता बंद, अशी योजना केली, तर झोपेतला जड हात नेमका तेवढा वेळ तिच्यावर विसावतो. गप्प करणे आणि बंद करणे या कामांमध्ये अंतर हवे, आणि ते सेकंदांचे नको, हाताला जाणवेल असे हवे.

मग बटणे कमी का होत जातात? प्रत्येक कळीसाठी आवरणात एक छिद्र, आत एक जोड आणि जुळणीच्या वेळी एक हात लागतो. एका बटणाचे घड्याळ बनवायला स्वस्त पडते. हे कारण अगदी प्रामाणिक आहे, पण ते वापरणाऱ्याच्या सोयीचे कारण म्हणून सांगितले जाते तेव्हा प्रतिवाद करावा लागतो.

दुसरे विधान वेळ आपोआप लागण्याचे. युरोपात फ्रँकफुर्टजवळच्या माइनफ्लिंगेन इथून ७७.५ किलोहर्ट्झवर वेळेचा संकेत प्रसारित होतो, अमेरिकेत कोलोराडोतील फोर्ट कॉलिन्सजवळून ६० किलोहर्ट्झवर होतो, आणि तिथली रेडिओ-घड्याळे त्यावरून स्वतःला जुळवून घेतात. ज्यांच्या देशात हा संकेत पोहोचतो त्यांच्यासाठी ही सोय उत्तम आहे. जर्मनीतल्या भाच्याने प्रेमाने आणलेले असे घड्याळ साताऱ्यात मात्र रात्रभर संकेत शोधत बसते, कारण माइनफ्लिंगेनचा पल्ला सुमारे दोन हजार किलोमीटरांचा आहे; आणि अमेरिकेतून आणलेल्या अनेक घड्याळांत तिथले मोजके कालविभागच निवडता येत असल्यामुळे आपला साडेपाच तासांचा फरक त्यांच्या गणितात बसतच नाही.

अमेरिकेत राहणाऱ्यांनाही या स्वयंचलितपणाने एकदा चांगलाच हिसका दिला आहे. उन्हाळी वेळेच्या, म्हणजे उन्हाळ्यापुरते घड्याळ तासभर पुढे नेण्याच्या पद्धतीच्या तारखा आतच साठवून ठेवलेली घड्याळे तिथे पुष्कळ विकली गेली होती. २००५ च्या कायद्याने या तारखा बदलल्या आणि २००७ पासून उन्हाळी वेळ एप्रिलच्या पहिल्या रविवारऐवजी मार्चच्या दुसऱ्या रविवारी सुरू होऊन ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारऐवजी नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी संपू लागली. साध्या घड्याळाच्या मालकाला वर्षातून दोनदा तास बदलावा लागत होता. 'आपोआप' घड्याळाच्या मालकाला तो आता चारदा बदलावा लागू लागला: दोनदा घड्याळाने बदलला नाही म्हणून आणि दोनदा नको तेव्हा बदलला म्हणून.

आपल्याकडे प्रश्न निराळा होता. विजेवर चालणारी लाल आकड्यांची जी घड्याळे वीजप्रवाहाची आवर्तने मोजून वेळ दाखवतात, ती सेकंदाला ५० आवर्तने धरून चालतात. वारंवारता दिवसभर ४९.५ राहिली, तर असे घड्याळ चोवीस तासांत चौदा मिनिटांहून अधिक मागे पडते. आज मान्य असलेल्या मर्यादेच्या तळाशी, म्हणजे ४९.९ वर राहिली, तरी जवळजवळ तीन मिनिटे. त्यात भारनियमनाच्या काळात वीज गेली की आकडे पुसले जाऊन बाराच्या जागी लुकलुक सुरू, आणि गजर गेला तो गेलाच. त्या मानाने एका सेलवर चालणारे, सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणाऱ्या स्फटिकाचे साधे क्वार्ट्झ घड्याळ महिन्याला फार तर अर्ध्या मिनिटाने चुकते. महिन्याकाठी अर्धे मिनिट चुकणाऱ्या घड्याळाला आपोआप वेळ लावून घेण्याची गरज नसते, त्याला वेळ लावण्याची एक चांगली खुंटी पुरते.

आकडे मोठे आणि झगझगीत असावेत, यातले 'मोठे' मान्य. झगझगीत हे दुकानातल्या उजेडात ठीक आहे. डोळ्याच्या पडद्यावरील ज्या पेशी शरीराला दिवस-रात्रीची वर्दी देतात, त्या ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात. जुनी एलईडी घड्याळे लाल होती ती कुणी झोपेचा विचार केला म्हणून नव्हे, तर तेव्हा स्वस्तात लालच मिळत होते म्हणून. निळा एलईडी हाताशी आल्यावर तो नवा आणि महाग दिसतो एवढ्याच कारणासाठी उशाशी आला आणि चांगली चालत आलेली गोष्ट बिघडली. मंद लाल किंवा पिवळसर प्रकाश, आणि तोही हवा तेव्हाच लागणारा, हे पुरेसे असते. चष्म्याशिवाय पाहणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट: सात रेघांच्या आकड्यांत ५ आणि ६ किंवा ८ आणि ० यांत एका रेघेचाच फरक असतो, तर काट्यांचा कोन धूसर दिसला तरी वाचता येतो.

आवाजाबाबतचा समज सर्वांत सहज तपासता येण्यासारखा आहे, कारण झोपलेल्या माणसाला कोणता आवाज उठवतो याचा अभ्यास आगीची सूचना देणाऱ्या यंत्रांसाठी नेटाने झाला आहे. त्यात सुमारे ३,१०० हर्ट्झच्या तीक्ष्ण शिट्टीपेक्षा ५२० हर्ट्झच्या आसपासचा खर्जातला, अनेक स्वर मिसळलेला आवाज वृद्धांना आणि कमी ऐकू येणाऱ्यांना अधिक खात्रीने जागे करतो असे दिसले, आणि अमेरिकेच्या आगसूचना-संहितेने झोपण्याच्या खोल्यांसाठी हा खालचा आवाज स्वीकारला. स्वस्त घड्याळातली चपटी चकती मात्र साधारण दोन ते चार हजार हर्ट्झमध्येच जोरात वाजते, आणि वयानुसार ऐकू येणे कमी होते ते वरच्या स्वरांपासून. अशा घड्याळाचा आवाज कितीही वाढवला तरी आजोबा झोपलेले आणि भिंतीपलीकडचे शेजारी जागे, एवढेच व्हायचे.

राहता राहिला फोन. तो विश्वासू गजर आहे असे धरून चालणाऱ्यांनी आठवावे की १ आणि २ जानेवारी २०११ रोजी जगभरातल्या अनेक आयफोनांत एकदाच वाजण्यासाठी लावलेले गजर वाजलेच नव्हते. वेळ पाहायला उचललेला फोन पुढची वीस मिनिटे हातातून सुटत नाही, हे तर ज्याने त्याने अनुभवलेले आहे. तरीही एका बाबतीत फोनने घड्याळाला मागे टाकले आहे, आणि तेवढ्यापुरते मी हे विधान मान्य करतो.

काट्यांच्या गजराची एक जुनी खोड अशी की त्याला फक्त बारा तास कळतात. रात्री आठला सकाळी नऊचा गजर लावला तर तो तासाभरातच वाजतो. आकड्यांच्या घड्याळाने ही खोड घालवली, पण तिच्या जागी सकाळ-संध्याकाळ सांगणारा एक बारीक ठिपका आणला, जो हमखास चुकतो आणि पहाटेचा गजर संध्याकाळी वाजतो. अँड्रॉइड फोनवर गजर लावला की लगेच एक ओळ दिसते: गजर आणखी सात तास वीस मिनिटांनी वाजेल. एकोणीस तास दिसले तर चूक तिथल्या तिथे कळते, ठिपका पाहावा लागत नाही. ही ओळ घड्याळाच्या पडद्यावर आणायला नवे यंत्र लागत नाही, दोन वेळांची वजाबाकी लागते, आणि ती करण्याइतकी अक्कल स्वस्तातल्या स्वस्त आकडी घड्याळाच्या चिपमध्येही असते. रचनेत करण्यासारखे काही उरले नाही असे म्हणणाऱ्यांनी ही ओळ दाखवणारे एखादे स्वस्त घड्याळ दुकानात शोधून पाहावे. मी पाहिलेल्यांपैकी एकातही ती नव्हती.