टीम मागायच्या आधी सभासदत्व मागा

डिसेंबर २०२५ मध्ये मेस्सी वानखेडेवर येऊन गेला आणि तेव्हापासून आमच्या नांदेडच्या फुटबॉल ग्रुपवर एकच मागणी जोर धरून आहे. मराठवाड्याला आयएसएलची, म्हणजे इंडियन सुपर लीग या देशातल्या मोठ्या फुटबॉल लीगची टीम पाहिजे. मुंबईला आहे, पुण्याला होती, मग आपल्यालाच का नाही? कुणी संभाजीनगरच्या कंपन्यांची नावं घेतंय, कुणी जर्सीचा रंगही सुचवून मोकळं झालंय. मागणीमागची तळमळ मला कळते. रेल्वे असो, पाणी असो, उद्योग असो, आपल्या वाट्याला उरलंसुरलं येतं हे बघतच आपण मोठे झालो. पण ही मागणी मला पटत नाही. ग्रुपवर दोन ओळींत सांगून भागत नाही म्हणून इथं सविस्तर लिहितोय.

मी एफसी पुणे सिटीचा, म्हणजे पुण्याच्या त्या आयएसएल टीमचा समर्थक आहे. ‘होतो’ म्हणायला अजून जीभ वळत नाही. २०१४ ला आयएसएल सुरू झाली तेव्हा मी पुण्यात शिकायला होतो. मराठवाड्यातून गेलेल्या पोराला पुण्यात स्वतःचं म्हणावं असं फार काही नसतं. खोली भाड्याची, डबा मेसचा, आणि तोंड उघडलं की समोरचा विचारणार, "तिकडचे का तुम्ही?" बालेवाडीच्या स्टँडमध्ये मात्र हे कुणीच विचारलं नाही. नारंगी जर्सी घातली की झालं. त्या स्टेडियमला मैदानाभोवती धावपट्टी आहे, त्यामुळं खेळाडू लांब दिसतात. पलीकडच्या गोलपोस्टवर काय झालं ते खालच्या रांगांना आधी कळायचंच नाही. वरच्या रांगेतला ढोलवाला उसळला की आम्ही ओरडायला लागायचो, आणि कुणी मारला हे मागाहून विचारायचो.

पुढं नांदेडला परत आलो तरी सामने सोडले नाहीत. रात्रीची ट्रॅव्हल्स धरायची, सकाळी संगमवाडीला उतरायचं, दिवस मित्राच्या खोलीवर काढायचा, संध्याकाळी बालेवाडी, आणि शिट्टी वाजली की परतीच्या गाडीसाठी धावपळ. घरचे म्हणायचे, टीव्हीवर दिसतंय की. दिसतं, पण ते दुसऱ्याचं दिसतं.

आता क्लब कसा चालला ते बघा. पाच मोसम, सहा प्रशिक्षक. कोलोम्बा, प्लॅट, हबास, पोपोविच, पोर्तुगाल, ब्राऊन. मधले हंगामी प्रद्युम रेड्डी धरले तर सात. दरवर्षी नवा माणूस, नवी पद्धत, आधीच्यानं आणलेल्या खेळाडूंची घाऊक रवानगी. एकदाच घडी बसली, २०१७-१८ मध्ये. मार्सेलिन्हो आणि अल्फारो पुढं, गोलमध्ये विशाल कैथ, आणि मलप्पुरमहून येऊन पुण्याच्याच अकादमीत वाढलेला आशिक कुरुनियन. त्या वर्षी चौथे आलो, पहिल्यांदाच उपांत्य फेरी गाठली. ७ मार्च २०१८ ला बालेवाडीत बेंगळुरूला शून्य-शून्य रोखलं. परतीच्या सामन्यात बेंगळुरूत मात्र त्यांच्या सुनील छेत्रीनं हॅट्ट्रिक केली आणि ३-१ नं गेलो. वाईट वाटलं, पण राग नाही आला. हरणं हा खेळाचा भाग आहे. त्या टीमला अजून दोन वर्षं एकत्र ठेवलं असतं तर पुण्यात करंडक आला असता, असं मला आजही प्रामाणिकपणे वाटतं. झालं उलटंच. पोपोविच गेले, पोर्तुगाल आले, मोसम जेमतेम सुरू होतो न होतो तोच तेही गेले, आणि क्लब सातव्या क्रमांकावर घसरला.

आणि ऑगस्ट २०१९ मध्ये क्लबच गेला. मालक आर्थिक अडचणीत होते. स्पर्धेतली जागा हैदराबादच्या नव्या मालकांकडं गेली, बरेचसे खेळाडू आणि प्रशिक्षक ब्राऊनसुद्धा तिकडंच. मी ही बातमी इथं घरी बसून मोबाईलवर वाचली. एक मित्र म्हणाला, "अरे, बरंच झालं की! नांदेडहून हैदराबाद जवळ पडतं." अंतराचा हिशोब बरोबर होता त्याचा. आपली रेल्वेसुद्धा सिकंदराबादहून चालते. हैदराबाद काही आपल्याला परकं नाही, आपल्या आजोबा-पणजोबांची ती राजधानीच. तरी मला तिथं जाऊन पिवळा रंग घालणं जमलं नाही. २० मार्च २०२२ ला हैदराबादनं गोव्यात फातोर्ड्याला केरळ ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून आयएसएल जिंकली. मी तो सामना बघितला, आणि आतून काहीच हललं नाही.

पुढं हैदराबादच्या समर्थकांच्या नशिबी काय आलं? पगार थकले, नवे खेळाडू घ्यायला फिफाची बंदी आली, २०२३-२४ च्या मोसमात चांगले खेळाडू एकेक करून निघून गेले. आणि २०२५ मध्ये तो क्लबही उचलून दिल्लीला नेला, नाव बदलून स्पोर्टिंग क्लब दिल्ली केलं. त्या दिल्लीची आधीची टीम, दिल्ली डायनामोज, २०१९ मध्येच भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झाली होती. म्हणजे ज्या वर्षी पुण्यानं टीम गमावली त्याच वर्षी दिल्लीनंही गमावली, आणि सहा वर्षांनी हैदराबादची गमावलेली टीम दिल्लीला मिळाली. या सगळ्या व्यवहारांत स्टँडमधल्या माणसाला कुणी एका शब्दानं विचारलं का? विचारायची गरजच नव्हती. नियमात आपण कुठंच नाही.

आणि हे फक्त आयएसएलचं दुखणं आहे असंही नाही. पुणे एफसी आठवतोय का? २००७ ला सुरू झाला, २०१२-१३ मध्ये आय-लीगचा, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या वरच्या लीगचा उपविजेता, अकादमी देशातल्या चांगल्यांपैकी एक. २०१५ मध्ये बंद. पुण्याचाच भारत एफसी एकाच मोसमात आटोपला. डीएसके शिवाजियन्स, तोही पुण्याचा, २०१७ मध्ये गेला. त्याच्याही आधी मुंबईचा महिंद्र युनायटेड, २००५-०६ चा राष्ट्रीय विजेता, २०१० मध्ये मोडीत निघाला. आपल्याच राज्यात पंधराएक वर्षांत एवढे क्लब मेले, आणि त्यातला एकही मैदानावर हरला म्हणून मेला नाही. कंपनीचं मन भरलं किंवा खिसा रिकामा झाला, की संपलं.

डिसेंबर २०२५ चंच बघा. अखिल भारतीय फुटबॉल फेडरेशननं २०१० मध्ये पंधरा वर्षांसाठी, ७०० कोटींना, देशातल्या फुटबॉलचे व्यावसायिक हक्क एका खासगी कंपनीला दिले होते. करार ८ डिसेंबर २०२५ ला संपणार हे पंधरा वर्षं माहीत होतं. तरी जुलैमध्ये लीग थांबली, नोव्हेंबरात निविदेला एकही बोली आली नाही, खेळाडूंना सरावाला कधी यायचं हे कळेना. आणि डिसेंबरात, १४ तारखेला, वानखेडे मेस्सीसाठी खचाखच भरलं. मेस्सीवर माझा राग नाही, त्याला डोळ्यांनी बघायची इच्छा कुणाला नसेल? पण ज्या राज्यात एका माणसाला बघायला स्टेडियम भरलं त्याच राज्यातल्या क्लबला पुढचा सामना कधी हे माहीत नव्हतं, यात चूक प्रेक्षकांची नाही. महिना संपता संपता सिटी फुटबॉल ग्रुपनं मुंबई सिटी या आयएसएल क्लबातून अंग काढून घेतलं. मँचेस्टर सिटीचे मालक ते. २०१९ मध्ये ६५ टक्के हिस्सा घेतला होता, २०२०-२१ मध्ये लीग आणि करंडक दोन्ही जिंकून दिले. एवढा पैसा, एवढा अनुभव असलेला मालकही एका आठवड्यात निघून जाऊ शकतो. मग संभाजीनगरच्या एखाद्या उद्योगपतीनं टीम घेतली तर तो किती दिवस थांबेल, असं तुम्हाला वाटतं?

आता कोल्हापूर बघा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब. यातला एकही क्लब कुणी विकत घेऊ शकत नाही, कारण तो पेठेचा आहे, तालमीचा आहे. वर्गणी पेठ देते, पेठेची पोरं खेळतात, आणि कारभार चुकला तर संध्याकाळी कट्ट्यावर जाब द्यावा लागतो. तिथं हुल्लडबाजी होते, सामने थांबवावे लागतात, ते मी झाकणार नाही, ते वाईटच आहे. पण पिढ्या गेल्या, क्लब उभे आहेत. अनिकेत जाधवसारखा पोरगा २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, तो कोल्हापूरचाच.

त्याच २०१७ मध्ये सरकारनं ‘मिशन वन मिलियन’ म्हणून सगळ्या महाराष्ट्रात शाळाशाळांतून फुटबॉल वाटले, एका दिवशी दहा लाख पोरं खेळवायची म्हणून. आमच्या तालुक्यातल्या एका शाळेत मी नंतर गेलो होतो. चेंडू मुख्याध्यापकांच्या कपाटावर, हवा गेलेले, वर पाखरांनी घाण केलेली. हवा भरायची सुई कुणाकडं नव्हती. सरांना दोष देऊन काय उपयोग? चेंडू आले, पण त्या चेंडूनं खेळायला तालुक्यात स्पर्धाच नव्हती.

बाहेरच्या देशांतही हे घडलंय. लंडनच्या विम्बल्डन क्लबला २००२ मध्ये मिल्टन कीन्सला हलवायची परवानगी मिळाली. ते गाव जवळपास नव्वद किलोमीटरवर. समर्थकांनी त्याच वर्षी स्वतःचा एएफसी विम्बल्डन काढला, विम्बल्डनमधल्याच मोकळ्या मैदानावर खेळाडूंची निवड चाचणी घेतली, आणि अगदी खालच्या लीगपासून सुरुवात केली. २०११ मध्ये फुटबॉल लीगमध्ये पोचले, २०२० मध्ये आपल्या जुन्या ठिकाणी, प्लाऊ लेनला, नव्या स्टेडियमात परतले. जर्मनीत तर नियमच आहे की मतांचा निम्म्याहून जास्त वाटा सभासदांकडं राहिला पाहिजे. दोन-चार अपवाद सोडले तर मालक कितीही मोठा असो. इंग्लंडनं २०२५ मध्ये कायदा करून स्वतंत्र नियामक आणला. क्लबचं बोधचिन्ह किंवा घरच्या जर्सीचा रंग बदलायचा तर समर्थकांना विचारावं लागतं. आणि लांब कशाला, कोलकात्यात १८८९ च्या मोहन बागानच्या नावापुढं २०२० मध्ये एटीके हे दुसऱ्या एका आयएसएल क्लबचं नाव चिकटवलं, तर समर्थकांनी तीन वर्षं पिच्छा सोडला नाही. २०२३ मध्ये ते नाव काढावंच लागलं. ती ताकद पैशाची नव्हती. त्यांच्यामागं सभासदांचा क्लब होता, आमच्यामागं फक्त तिकीट होतं.

मराठवाड्यातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज पडू नये. साखर कारखान्याची वार्षिक सभा आपण पाहिलेली आहे. दोन एकरवाला शेतकरी उठतो, अध्यक्षांना विचारतो की गेल्या वर्षीचा उसाचा फरक कुठंय. त्याला खाली बसवायचा प्रयत्न होतो, तो बसत नाही. कारण त्याचा शेअर आहे. कारखाने बुडाले, काही खासगी झाले, त्यात कुणी काय केलं ते आपल्या डोळ्यांसमोर आहे, त्यामुळं सहकार म्हणजे सगळं चांगलं असं मी म्हणणार नाही. पण निदान विचारायची जागा होती. मला एफसी पुणे सिटीच्या बाबतीत अशी सभा एकदाही मिळाली नाही. मी कुणाला विचारणार होतो, आणि कोणत्या नात्यानं?

म्हणून मला टीम नको. मला आधी नांदेड, परभणी, लातूर, बीड, जालना या जिल्ह्यांत वर्षभर चालणारी लीग पाहिजे, ज्यात क्लब गावाचे असतील, सभासद फी शंभर-दोनशे रुपये असेल आणि हिशोब दरवर्षी वाचून दाखवले जातील. आमच्याच नांदेडात गुरू गोबिंदसिंघजींच्या नावानं हॉकीची अखिल भारतीय स्पर्धा कितीतरी दशकं चालू आहे. ती कुठल्या फ्रँचायझीनं चालवली? गावानं चालवली. मग फुटबॉलला हे का जमू नये? आणि उद्या खरंच कुणी मोठा मालक आला, तर त्याचं स्वागत आहे, पण करारात लिहून घ्या: शहर, नाव आणि रंग सभासदांच्या मताशिवाय बदलणार नाही, संचालक मंडळात सभासदांचे दोन प्रतिनिधी बसतील, आणि मालकाला जायचं असेल तर निदान एक मोसम आधी सांगावं लागेल. यातली एक जरी अट त्याला जड वाटली, तर तो आपल्यासाठी आलेला नाही.

ग्रुपवर जे पालकमंत्र्यांना द्यायचं निवेदन फिरतंय त्यावर मी सही केलेली नाही, ती याच कारणानं. त्याऐवजी जिल्हा लीगच्या मागणीचं दुसरं निवेदन मी लिहायला घेतलंय, जिल्हा क्रीडा अधिकारी आणि राज्य फुटबॉल संघटना दोघांना द्यायचं. ज्यांनी आपल्या तालुक्यात स्पर्धा भरवलीय त्यांनी खर्च काय आला, मैदान कसं मिळवलं, पंच कुठून आणले हे कमेंटमध्ये लिहा. हे आकडे निवेदनात लागतील. आणि बालेवाडीच्या स्टँडमधलं कुणी हे वाचत असेल, तर तुमचीही सही मला पाहिजे.