पाणी तुंबतं म्हणून फाटकच ठेवायचं?

रेल्वेचं फाटक बंद करून तिथं रुळांखालून भुयारी मार्ग करायचं चाललंय. त्यावर ‘फाटक राहू द्या, भुयारी मार्ग नको’ असा एक मेसेज सध्या सोलापुरात मोबाइलवर फिरतोय. फाटक दोन-चार मिनिटंच बंद असतं, गेटमन उगाच लवकर लावतो. भुयारात पाणी तुंबणार. करायचाच तर उड्डाणपूल करा, असं त्यात म्हटलंय. मी रोज फाटक ओलांडून कामावर जाते, म्हणून हे लिहायला बसले.

गेटमनवरचा आरोप आधी घेते, कारण तो साफ चुकीचा आहे. इंटरलॉकिंगचं फाटक सिग्नलला जोडलेलं असतं. फाटक लागून कुलूपबंद झाल्याशिवाय गाडीला सिग्नलच मिळत नाही. भरधाव गाडीला थांबायला किलोमीटरभर अंतरही लागू शकतं, म्हणून ती नजरेला पडण्याच्या कितीतरी आधी फाटक लागलेलं असावं लागतं. त्यात आता दुहेरी मार्ग. मालगाड्या होत्याच, 10 फेब्रुवारी 2023 पासून मुंबईची वंदे भारतही आली. एक गाडी गेली की लोक किक मारतात, आणि नेमकी तेव्हाच समोरून दुसरी येते. परवा माझ्यासमोर एकानं मोटारसायकल तिरकी करून दांड्याखालून काढली. मागची बाई उतरली आणि डबा पोटाशी धरून वाकून गेली. गेटमन केबिनमधून ओरडत होता, “थांबा की ओ, दुसरी येतीय!” गाडी आली तेव्हा ती दोघं रुळापलीकडे जेमतेम पोचली होती. माझे हात थरथरत होते. मेसेजमधल्या ‘दोन-चार मिनिटां’त हे कुठं बसतं?

पाण्याचं म्हणणं मात्र खोटं नाही. रस्त्याचं पाणी उतारानं भुयारात शिरतं, पाऊस ओसरल्यावरही काळ्या मातीतलं पाणी सांध्यांतून पाझरत राहतं. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो खरा, पण ऑक्टोबर 2020 मध्ये एका दिवसात काय झालं ते आपण पाहिलंय. पण यावरचे उपाय ठरलेले आहेत. तोंडाशी रस्ता थोडा उंच करून मग उतार द्यायचा, म्हणजे बाहेरचं पाणी आत वळत नाही. दोन्ही तोंडांना आडवी गटारं आणि जाळ्या, उतारावर पत्र्याचं छत, तळाशी पाण्याची टाकी आणि दोन पंप. एक विजेवर, दुसरा डिझेलवर, कारण मुसळधार पावसात वीज हमखास जाते. आणि जूनच्या आधी जाळ्यांतला गाळ कोण काढणार, ते कागदावर लिहून घ्यायचं. बहुतेक ठिकाणी घोडं इथंच अडतं. भांडायचं तर यासाठी भांडू या.

आता उड्डाणपूल. विजेच्या तारांवरून जायचं म्हणजे रस्ता आठ मीटरच्या आसपास चढवावा लागतो. तीस मीटरला एक मीटर चढ धरला, तर एका बाजूलाच 240 मीटर. शाळेची सायकल घेऊन निघालेली पोर किंवा गुडघे दुखणारी आजी एवढी चढउतर करेल? ती पुन्हा रुळावरूनच जाईल. भुयारात पायवाट रस्त्यापेक्षा उंच ठेवता येते, माणसाला ट्रकएवढी उंची लागत नाही ना. चालणाऱ्याचा उतार निम्म्यावर येतो.

गेटमनच्या नोकरीबद्दलही मेसेजमध्ये एक ओळ आहे. त्याला दुसरीकडे काम मिळालंच पाहिजे. पण त्यासाठी फाटक ठेवा, हे त्यालाही पटणार नाही.

एक मुद्दा मेसेजमध्ये हवा होता, तो नेमका नाही. ऊस. हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर याच वाटेनं कारखान्याकडे जातात. विजेच्या तारांमुळे फाटकाजवळ उंचीची कमान असते, तिची मर्यादा 4.67 मीटर. भुयार कमी उंचीचं, साडेतीन-पावणेचार मीटरचं केलं, तर भरलेली ट्रॉली छताला अडकेल आणि मागं रांग लागेल. उंची किती आणि वळण किती रुंद, हे दाखवणारा नकाशा फाटक बंद व्हायच्या आधी आपल्याला बघायला मिळाला पाहिजे. मेसेज पुढे पाठवणाऱ्यांनी ही मागणी लावून धरावी, सही करायला मी पहिली येते.