गाईडबुकात गाव हवंच, पण अर्धवट

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारखा खेळ चालवायला शिकवणाऱ्या पुस्तकात नमुन्याचं एक गाव छापावं का, यावरून आमच्या रविवारच्या टेबलावर परत जुंपली. एक गट म्हणतो पानं फुकट जातात. प्रत्येक डीएमचं, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचं, जग निराळं, तुमचं छापील गाव घेऊन तो करणार काय? मी पलीकडच्या गटातला. गाव हवंच, आणि ते त्याच पुस्तकात हवं. वेगळे पैसे मोजून घ्यायच्या दुसऱ्या पुस्तकात नको.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येकाकडे एक पात्र. एक जण डंजन मास्टर, म्हणजे डीएम. बाकीचं सगळं जग तो बोलतो. "मी दार ढकलतो" असं तुम्ही म्हणायचं, दारामागं काय आहे ते त्यानं सांगायचं, आणि जिथं नक्की नाही तिथं फासे टाकायचे. झालं.

आता नवा डीएम डोळ्यांसमोर आणा. जाडजूड पुस्तक वाचून आलाय. दहा फुटांवरून पडलं तर सहा बाजूंचा एक फासा टाकून इजा ठरते, हे त्याला पाठ आहे. आणि पहिलाच खेळाडू विचारतो, "आम्ही आत्ता कुठं आहोत?" गडी गप्प! पडण्याचा नियम आहे, पण पडायला कडा कुठाय?

गणिताच्या पुस्तकात प्रमेयानंतर एक सोडवलेलं उदाहरण असतं. ते परीक्षेत तसंच्या तसं येत नाही, तरी पोरं आधी तेच बघतात. नमुन्याच्या गावाचं काम एवढंच. त्यात खेळलंच पाहिजे असं नाही, गाव कसं मांडतात ते दिसलं तरी पुरे.

ही कल्पना नवी नाही. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी या खेळाचा, तीन छोट्या पुस्तिकांचा जो पहिला संच काढला, तो सगळा नियमांचा. गावं मागाहून आली. १९७९ मध्ये गायगॅक्सनं हॉमलेट नावाचं खेडं छापलं, त्यात घरांना नंबर, आणि कुठल्या घरात कोण राहतं, त्याच्याकडे काय आहे याची नोंद. तलाठ्याचं दप्तरच म्हणा! त्याच सुमारास नवशिक्यांच्या खोक्यात सीमेवरची एक गढी यायला लागली, 'द कीप ऑन द बॉर्डरलँड्स'. तिथं त्यानं उलटंच केलं. गढीतल्या माणसांना नावंच दिली नाहीत. किल्लेदार, पुजारी, लोहार, एवढंच. नावं तुम्ही ठेवा. मला ही गढी हॉमलेटपेक्षा कितीतरी जास्त आवडते.

पण गाईडबुकातल्या गावाचा खरा नमुना २००८ सालचा. खेळाच्या चौथ्या आवृत्तीच्या डीएमच्या पुस्तकात शेवटी फॉलक्रेस्ट नावाचं गाव आहे, नकाशासकट. नदीवर धबधबा, म्हणून होड्या पुढं जात नाहीत. माल उतरवायचा, हमालांनी तो पाठीवर वाहून पलीकडे न्यायचा, परत होडीत भरायचा. बस्स, गाव का वसलं ते कळलं. हमाल आले की त्यांचा मुकादम आला, वखारी आल्या, वखारीवर डोळा ठेवणारे आले. डीएमला पाठ करायला काही उरतच नाही, धबधबा लक्षात ठेवला की बाकीचं आपोआप सुचतं.

पुढं २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत डीएमच्या पुस्तकातून गाव गेलं. वस्ती कशी बनवावी याचे सल्ले आणि तक्ते राहिले, आणि गाव, फॅन्डॅलिन, गेलं वेगळ्या विकल्या जाणाऱ्या स्टार्टर सेटमध्ये, म्हणजे नवशिक्यांच्या खोक्यात. २०२४ च्या पुस्तकात ग्रेहॉक आलं, पण ते मोठं शहर. नवख्या माणसाला पहिल्याच दिवशी शहर चालवायला देणं म्हणजे अघोरीच. गावात रस्ता एक असतो, तिथं खेळाडू चुकून चुकून कुठं जाणार?

आता आपल्याकडचं. छापील गावात टॅव्हर्न, म्हणजे दारूचा गुत्ता असतो, कोपऱ्यात टोपीवाला गूढ म्हातारा असतो. आमच्या टेबलावर कुणीच बारच्या काउंटरशी बोलायला गेलं नाही. सगळे विचारायला लागले, "पलीकडं जायला नावाडी किती घेतोय?" तेव्हाच वाटलं की गाव इथलंच घ्यावं. आणि सांगलीकराला लांब जायची गरज काय, हरिपूर आहे की.

हरिपूर बघा. कृष्णा आणि वारणेचा संगम, संगमावर संगमेश्वर, पलीकडच्या काठाला कोल्हापूर जिल्हा सुरू. आणि जमिनीखाली हळदीची पेवं. खेळात डंजन, म्हणजे धोक्याचं तळघर-भुयार लागतं म्हणून लोक कुठले कुठले पडके किल्ले रंगवतात, आणि आपल्याकडे अख्खं गावच तळघरांवर बसलेलं! बाहेरच्या मित्रांसाठी सांगतो. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं कोठार. वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, खाली मोठं पोट, आतून शेणामातीनं लिंपलेलं. हळद भरायची, तोंड बंद करून वर माती टाकायची, की वर्षानुवर्षं कीड लागत नाही. कारण आत हवाच खेळत नाही. म्हणून पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नाही. तोंड उघडं ठेवून वाट बघायची, मग कंदील खाली सोडायचा. कंदील विझला तर अजून थांबायचं.

कुठल्याही डीएमनं हे वाचून पेन उचललं नाही तर त्यानं दुसरा खेळ बघावा. धबधब्यानं फॉलक्रेस्टला जे दिलं ते सगळं इथं पेवानं दिलंय. माल कुणाचा? शेतकऱ्याचा. ताबा कुणाचा? अडत्याचा. खाली उतरणार कोण? तिसराच कुणीतरी हमाल. तीन माणसं आली, भांडण आपोआप आलं. आता एक पेव असं ठेवा की वहीत त्याच्या मालकाचं नावच नाही, भाडं मात्र दर वर्षी येतंय. आणि त्यात सोडलेला कंदील कितीही दिवस थांबलं तरी विझतोच. का, ते मी लिहिणार नाही. गाईडबुकानंही लिहू नये.

दुसरी गोष्ट नदी. खेळाडूंना "तुमच्याकडे तीन दिवस आहेत" असं सांगितलं की ते निवांत होतात. सांगलीत पावसाळ्यात घड्याळ कोण बघतं? कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी किती फूट, एवढंच विचारतात. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २०१९ मध्ये ते ५७ फुटांवर गेलं होतं, ते आठवून अजून पोटात गोळा येतो. २००५ च्या पुरात तर हरिपूरची कितीतरी पेवं पाण्यानं गेली. तेव्हा डीएमनं प्रत्येक रात्री फासा टाकून पाणी तेवढे फूट चढवायचं आणि आकडा मोठ्यानं सांगायचा. पेवातलं रहस्य शोधायचं की हळद आधी बाहेर काढायची, यावरून आमच्या टेबलावर जी भांडणं झाली ती कुठल्याही ड्रॅगनसमोर झाली नव्हती. ड्रॅगन अजून आलेलाही नाही.

"छापील गाव दिलं की डीएम आळशी होतो," या आक्षेपात थोडं तथ्य आहे, नाकारत नाही. पण तो दोष हॉमलेटसारख्या गावाचा. सराफाच्या पेटीत किती नाणी, शिंप्याच्या बायकोचं नाव काय, हे सगळं भरून दिलं की डीएम कारकून होतो, बोलता बोलता पानं उलटत बसतो. गाव द्या, पण चार पानांत. पोट कशावर भरतं, कोण कुणाचं देणं लागतो, बाहेरून कुठलं संकट येतंय. एक नकाशा, त्यात निम्मी घरं कोरी. पानं कमी पडत असतील तर जादूच्या अंगठ्यांची यादी छाटा, ती कुणी पहिल्या महिन्यात उघडतही नाही.

आमच्या हरिपूरची चार पानं साफ करून पुढच्या आठवड्यात इथंच टाकतो. मिरजेच्या कुणी सतारमेकर गल्लीवर असंच काही लिहिलं तर मला टॅग करा, आमच्या टोळीला पूर चढायला लागला की पळायला गाव लागणारच आहे. साताऱ्याच्या मंडळींनी फक्त अजिंक्यतारा पाठवू नये, किल्ले भरपूर झालेत. किल्ल्याखालच्या पेठा पाठवा.