पायलटचं डोकं नेमकं कुठे असतं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

(निवृत्तीनंतर नातवाच्या कॉम्प्युटरवर गेममधली विमानं उडवायला शिकलो असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून काका म्हणतोय. चालेल ना?)

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा थोडा राग आला. दुसऱ्यांदा लक्षात आलं की यातली एक गोष्ट माझ्यावरच शेकणार आहे. मागच्या लेखात मी डीसीएस या विमान उडवण्याच्या गेममधल्या मिग-21 बिसच्या कॉकपिटमधला कॅमेरा थोडा मागे आणि वर सरकवून, एफओव्ही (म्हणजे पडद्यावर किती अंशांचं दृश्य मावतं तो आकडा) कमी करून तो कायमचा सेव्ह कसा करायचा ते लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: ही सरळ लबाडी आहे, पट्ट्यांनी बांधलेला पायलट डोकं असं पाहिजे तिथे नेऊ शकत नाही. गेम बनवणाऱ्यांनी विमान मोजूनमापूनच डोळ्याची जागा ठरवली असणार, तिथे आपण शहाणपणा करू नये. माणसाला जवळजवळ 200 अंश दिसतं, मग मी 55 अंशांची झापडं का लावायला सांगतो? आणि एवढं करून, सांगितलेल्या कळा दाबून दाबून बोटं दुखली तरी दृश्य तसूभर हललं नाही.

शेवटच्या तक्रारीपासून सुरुवात करतो, कारण तिथे चूक माझी आहे. नातवाने हेड ट्रॅकर (आपलं डोकं हलेल तसं गेममधलं दृश्य हलवणारं यंत्र) बसवलाय असं तुम्ही ओघात लिहिलंय. ट्रॅकर चालू असेल तर डोळ्याची जागा तोच ठरवतो, कळांचं कुणी ऐकत नाही. हे मी लिहायला हवं होतं. ट्रॅकआयआर नावाचा ट्रॅकर असेल तर एफ9 दाबून आधी तो थांबवा. मग पर्यायांच्या ‘मिसलेनियस’ पानावर स्नॅप व्ह्यू (आपण लावलेलं दृश्य) सेव्ह करण्याची चौकट टिचकी मारून चालू आहे ना, ते बघा. कॉकपिटमध्ये बसल्यावर नंबरपॅडचा 5 दाबून नजर समोर आणा. आता उजवा कंट्रोल आणि उजवा शिफ्ट दोन्ही धरून नंबरपॅडचे 8 आणि 2 वर-खाली नेतात, 4 आणि 6 डावी-उजवीकडे, गुणाकाराची खूण पुढे आणि भागाकाराची मागे. मनासारखं झालं की उजवा ऑल्ट आणि नंबरपॅडचा 0. झालं सेव्ह. पुढच्या वेळी त्या विमानात बसलात की डोकं तिथेच असेल. दुसऱ्या विमानात मात्र सगळं पहिल्यापासून, कारण ही नोंद प्रत्येक विमानाची वेगळी असते. लॅपटॉपवर नंबरपॅड नसेल तर कंट्रोल्सच्या पानावर जाऊन दुसऱ्या कळा द्याव्या लागतील. कंटाळवाणं काम आहे, पण एकदाच करायचं.

आता ‘बनवणाऱ्यांनी मोजलंय’ हा मुद्दा. मोजलं असेल, मला शंका नाही. पण काय मोजलं? खऱ्या विमानात डोळ्यासाठी एक बिंदू आधी ठरवतात आणि मग त्याच्याभोवती सगळं कॉकपिट रचतात. नाकावरून किती खाली दिसावं, बाजूने किती, गनसाइटची (नेम धरायच्या यंत्राची) काच कुठे यावी, हे सगळं त्या बिंदूपासून मोजलेलं असतं. एफ-16 मध्ये त्या बिंदूवरून नाकापुढे 15 अंश खाली आणि बाजूला 40 अंश खाली दिसतं. पण पायलट काही त्या बिंदूच्या मापाने जन्माला येत नाही. कुणाचं धड लांब, कुणाचं आखूड, म्हणून सीट हलते. स्पिटफायरच्या सीटलाही उंची कमीजास्त करायची दांडी होती. प्रवासी विमानांतलं एक उदाहरण तर मला फार आवडतं. एअरबसच्या समोरच्या काचांमधल्या खांबावर तीन छोटे गोळे बसवलेले असतात. पायलटने सीट वर-खाली, पुढे-मागे करत राहायचं. एक गोळा दुसऱ्याच्या बरोबर मागे लपला की डोळा जागेवर आला.

म्हणजे खरा पायलट कॉकपिटमध्ये शिरला की तेच करतो, जे करायला मी तुम्हाला सांगितलं. गेममधलं मूळ दृश्य ही कुणीतरी आपल्यासाठी लावून ठेवलेली सीट आहे. रिक्षाचा आरसा दुसऱ्या ड्रायव्हरने लावलेला असावा, तसं.

शिवाय मोजमाप बरोबर असूनही दृश्य चुकू शकतं. याचा सगळ्यात मजेदार किस्सा 2001 च्या आयएल-2 श्टुर्मोविक या जुन्या विमान-गेममधला. त्यातल्या फोक-वुल्फ 190 या जर्मन लढाऊ विमानामध्ये बसलं की गनसाइटच्या खालच्या बाजूला चौकटीची जाड पट्टी आडवी यायची आणि नेम धरताना नेमकं हवं तेच झाकायची. यावरून खेळणाऱ्यांत वर्षानुवर्षं जुंपली. एक बाजू म्हणायची, आराखड्याप्रमाणे पट्टी तेवढीच आहे, गप्प उडवा. दुसरी बाजू म्हणायची, पट्टी तेवढीच आहे, पण काच विसरलात. त्या विमानाच्या समोरची चिलखती काच 50 मिलिमीटर जाड होती आणि चांगलीच मागे कललेली होती. अशा तिरक्या जाड काचेतून येणारा प्रकाश आत वाकतो आणि बाहेर पडताना पुन्हा सरळ होतो, पण मूळ रेषेपासून सरकलेला. किरण काचेवर 60 अंशांनी पडतो असं धरून मी वहीत हिशोब केला, तर तो साधारण 26 मिलिमीटर खाली सरकतो. म्हणजे पायलटला जे दिसतं ते जणू त्याचा डोळा अडीच सेंटीमीटर वर असल्यासारखं. गेममध्ये काच म्हणजे नुसतं चित्र, ती प्रकाश वाकवत नाही. तिथे कुणी कॅमेरा अडीच सेंटीमीटर वर घेतला तर त्याला लबाड म्हणायचं, की गेममध्ये राहून गेलेलं भौतिकशास्त्र त्याने भरून काढलं म्हणायचं? मी दुसऱ्या बाजूचा आहे, हे वेगळं सांगायला नको.

इथे एक घोळ निस्तरतो. तुमच्या प्रतिक्रियेत ‘जवळ घेणं’ हा एकच शब्द दोन गोष्टींसाठी आलाय. डोकं पुढे नेणं वेगळं आणि झूम करणं वेगळं. समजा घड्याळांची पाटी डोळ्यापासून 70 सेंटीमीटरवर आहे आणि तुम्ही डोकं 10 सेंटीमीटर पुढे नेलंत. पाटी सहाव्या हिश्शाने मोठी दिसेल. पण एक किलोमीटरवरच्या शत्रूच्या विमानाला तुमच्या 10 सेंटीमीटरचं काय पडलंय? ते होतं तेवढंच दिसणार. झूम केलं तर मात्र पाटी आणि शत्रू दोन्ही सारख्याच प्रमाणात मोठे होतात. कॉकपिट अंगावर येतंय असं वाटलं की बरेच जण एफओव्ही वाढवतात. मग सगळं लांब जातं, आणि थोड्या वेळाने तेच लोक विचारतात, शत्रू दिसतच नाही हो. अशा वेळी डोकं मागे घ्यावं, एफओव्हीला हात लावू नये.

तर 55 अंशांचं म्हणाल, मॉनिटर ही खिडकी समजा. माझा 27 इंची आहे, म्हणजे रुंदी जवळजवळ 60 सेंटीमीटर, आणि मी बसतो 60 सेंटीमीटरवर. एवढी खिडकी एवढ्या अंतरावरून 53 अंश व्यापते. तुमचे 200 अंश खरेच आहेत, पण उरलेल्या जागेत तुमची भिंत, कॅलेंडर आणि पंखा दिसतोय. गेमने त्या 53 अंशांच्या खिडकीत 90 अंशांचं आकाश कोंबलं की प्रत्येक गोष्ट खरी असते त्याहून लहान होते. तुमच्याकडे 22 इंची मॉनिटर असेल आणि तेवढ्याच अंतरावर बसत असाल तर तुमचा आकडा 44 च्या आसपास येईल. माझा 55 डोळे मिटून घेऊ नका, हे लेखात लिहायचं राहिलं.

आता हा आकडा सतत ठेवायचा का? नाही. मी स्वतः एरवी 75 ते 80 वर उडतो, नाहीतर इंधनाचा काटा बघायलाही मान फिरवावी लागते. पण झूम एका फिरत्या चाकावर ठेवलाय. मिग-21 च्या समोर बहुतेक वेळा एफ-5 हे लढाऊ विमान असतं, पंखांची रुंदी 8.1 मीटर. ते 2 किलोमीटरवर, शेपटीकडून दिसतंय असं धरा. 1920 ठिपके (पिक्सेल) रुंद पडद्यावर 90 अंशांत ते जेमतेम 4 ठिपक्यांचं असतं. 53 अंशांत 8. 30 अंशांपर्यंत झूम केलं तर साडेचौदा. आणि गंमत अशी की निरोगी डोळा साधारण एका कलेएवढा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाएवढा फरक ओळखतो, आणि 30 अंशांच्या झूममध्ये मधल्या भागातला एक ठिपका जवळजवळ एका कलेचाच होतो. खऱ्या पायलटला नुसत्या डोळ्याने जेवढं बारीक दिसतं, तेवढं बघायला आपल्याला तिथवर जावं लागतं. झूमला दुर्बीण म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हा हिशोब करून बघावा.

आता लबाडी. पट्ट्यांबद्दल तुमचं पूर्ण बरोबर नाही. खांद्यांचे पट्टे मोकळे सोडता येतात आणि गरज पडली की अडकवता येतात, मागे वळून बघायला पायलट पुढे झुकतो, कलतो. गेमही डोकं छतातून बाहेर जाऊ देत नाही. पण मिगबद्दल मी जे लिहिलं होतं, ‘कॅमेरा चार बोटं वर घ्या, नाकापुढचं छान दिसतं’, ते चूक होतं आणि तुम्ही ते बरोबर पकडलंत. उतरताना खरंच छान दिसतं. पण गनसाइट चालू केली तेव्हा नेम धरायच्या उजेडाच्या कड्याचा वरचा भाग कापलेला दिसला. मी तेव्हा तो गेमचा दोष समजून सोडून दिला होता. दोष माझा होता. गनसाइटच्या काचेवरचं कडं खरं तर अनंत अंतरावर असल्यासारखं टाकलेलं असतं, म्हणून डोकं थोडं हललं तरी नेम हलत नाही. पण त्या प्रकाशाचा झोत अरुंद असतो. डोळा झोताच्या वर गेला की वरचं कडं जातं, खाली गेला की खालचं. फार मागे गेलात तर चारही बाजूंनी कातरतं. एअरबसचे तीन गोळे तसं हे कडं. ते अख्खं आणि काचेच्या मधोमध दिसतंय, म्हणजे डोळा जिथे असायला हवा तिथे आहे. माझ्या बाबतीत ती जागा मूळ दृश्याच्या दीड बोट वर आणि थोडी मागे निघाली. चार बोटं नव्हे.

तुम्ही लिहिलंय की लहानपणी ओझरला कारखान्यातून निघालेली मिग डोक्यावरून जाताना बघायचात, आणि 26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला त्यांचा निरोप झाला तेव्हा टीव्ही बंद केलात. मग या विमानाच्या बाबतीत कुणी चार बोटांची चूक केली तर तुम्ही चिडणारच. लेखातला तो परिच्छेद मी आज खोडला आणि खाली ‘एका वाचकाने दाखवलेली चूक’ म्हणून दुरुस्ती टाकलीय. नाव टाकायला हरकत नसेल तर कळवा. आणि नातवाला विचारून घ्या, एफ9 ने थांबवलेला ट्रॅकर पुन्हा एफ9 नेच चालू होतो, पण त्यानंतर मान सरळ ठेवून एफ12 दाबायला विसरू नका. मी विसरलो होतो, आणि अर्धा तास डाव्या खांद्याकडे बघत उडत होतो.