‘पत्र्यात बांधलेलं अ‍ॅस्बेस्टॉस बाहेर येत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी

शाळांच्या छपरांचा विषय निघाला की पालक-शिक्षकांच्या ग्रुपवर एक मजकूर हमखास फिरायला लागतो. त्याचा गोषवारा असा: शाळेवरच्या सिमेंटच्या पत्र्यात असतं ते पांढरं अ‍ॅस्बेस्टॉस (खडकातून निघणारं, बारीक तंतूंचं खनिज), आणि ते निरुपद्रवी असतं. शिवाय ते सिमेंटमध्ये घट्ट बांधलेलं असल्यामुळे बाहेर येत नाही. आपण सगळे याच पत्र्यांखाली शिकलो, कुणाला काय झालं? आणि खरंच घातक असतं तर सरकारने बंदी घातली नसती का? चारही मुद्दे अगदी ठामपणे मांडलेले. त्यातला एक अर्धा खरा आहे आणि सगळा घोळ त्या अर्ध्यातच आहे.

आधी पांढऱ्याचं बघू. निळ्या आणि तपकिरी प्रकाराच्या मानाने पांढरं, म्हणजे क्रायसोटाइल, मेसोथेलिओमा या फुप्फुसाच्या आवरणाच्या कॅन्सरच्या बाबतीत कमी जहाल आहे, हे मान्य. पण कमी जहाल म्हणजे निरुपद्रवी कसं? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अ‍ॅस्बेस्टॉसचे सगळे प्रकार, पांढरं धरून, माणसाला कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलेत. फुप्फुस, स्वरयंत्र, बीजाशय, सगळं त्यात आलं. ब्रिटनने निळं-तपकिरी १९८५ साली बंद केलं आणि १९९९ साली पांढरंही. या मुद्द्यावर यापेक्षा जास्त शाई खर्च करण्यात अर्थ नाही.

खरा मुद्दा ‘बांधलेलं’ असण्याचा. धड, न तडकलेला, कुणी हात न लावलेला पत्रा फारसे तंतू सोडत नाही, हे खरं आहे. म्हणून वर्गावर सिमेंटचा पत्रा दिसला की उद्याच शाळा बंद करा, असं मी म्हणणार नाही. पण हात न लावलेला पत्रा आपल्या कुठल्या शाळेवर असतो? पंख्याचा हुक बसवायचा, भोक पाडा. वायरिंग बदलायचं, भोक पाडा. गळतंय, वर चढून डांबर लावा, चढताना एक पाय आत. कोकणात तर पावसाळ्यानंतर पत्र्यावर शेवाळाचा थर बसतो आणि रंग मारायच्या आधी तारेच्या ब्रशने तो खरवडून काढतात. पावसाने वरचं सिमेंट आधीच झिजून तंतू उघडे पडलेले असतात, त्यावर कोरडा तारेचा ब्रश! भोक पाडताना खाली पडणारी ती करडी भुकटी मग झाडतं कोण? बहुतेक शाळांत मुलंच. सकाळी, कोरड्या झाडूने, वर्ग भरायच्या आधी.

तुटलेल्या पत्र्याची कड नीट न्याहाळली तर कधीकधी पांढरट, केसाळ झुपके दिसतात. ते मात्र हात न लावता बघा. त्याहून घातक तंतू डोळ्यांना दिसतच नाहीत, इतके बारीक असतात. ते हवेत तासन्‌तास तरंगतात आणि श्वासाबरोबर खोल आत जाऊन बसतात. निसर्ग वादळात, जून २०२० मध्ये, रायगड-रत्नागिरीत शाळांची छपरं उडाली, पत्र्यांचे तुकडे झाले. अशा वेळी पत्रा ‘बांधलेला’ आहे हे कुणाला सांगायचं?

आणि ‘आपल्याला काय झालं?’ याचं उत्तर द्यायची वेळ अजून यायची आहे. तंतू आत गेल्यापासून आजार दिसेपर्यंत वीस, तीस, कधी चाळीसहून जास्त वर्षं जातात. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यांना कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान ४० वर्षं जपायला सांगितलं, ते उगाच नाही. शाळेत बसलेल्या मुलाची अशी नोंद कोण ठेवतं? पन्नाशीत धाप लागली तर डॉक्टर बिडी ओढता का ते विचारतील, चौथीच्या वर्गावर काय होतं ते विचारणार नाहीत.

मुलांचं गणित तर वेगळंच आहे. ब्रिटनच्या कर्करोगविषयक सरकारी तज्ज्ञ समितीने २०१३ साली हिशेब मांडला: पाचव्या वर्षी संपर्क सुरू झालेल्या मुलाला पुढे मेसोथेलिओमा होण्याची शक्यता, तेवढाच संपर्क पंचविसाव्या वर्षी सुरू झालेल्या माणसाच्या साधारण साडेतीनपट. कारण साधं आहे, त्याच्यापुढे आयुष्य जास्त असतं. डायॅन विलमोर या बाईंना हा आजार झाला, तो शाळकरी वयात शाळेतल्या छताच्या फरशांमधून आलेल्या अ‍ॅस्बेस्टॉसमुळे, हा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली कायम ठेवला. तोवर त्या गेल्या होत्या. त्या फरशा आपल्या पत्र्यापेक्षा ठिसूळ होत्या हे खरं, पण ‘शाळेत बसून कुणाला काही होत नाही’ हे म्हणणं तिथेच निकालात निघालं.

सरकारच्या बंदीचं तर विचारूच नका. आपल्याकडे अ‍ॅस्बेस्टॉस खणायला बंदी, परदेशातून आणायला मोकळीक. आणणाऱ्यांत आपण जगात आघाडीवर. धोकादायक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी टाकाऊ अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीची आयातही बंद केली, म्हणजे कचरा नको, कच्चा माल चालेल. घातक रसायनांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय रॉटरडॅम करारात पांढऱ्याचं नाव धोकादायक यादीत घालायला भारताने २०११ मध्ये होकार दिला आणि २०१३ मध्ये फिरवला. यावरून पदार्थ सुरक्षित आहे हे सिद्ध होत नाही, फार तर धंदा जोरात आहे हे होतं. आणि केरळच्या मानवी हक्क आयोगाने २००९ मध्येच शाळांवरचे हे पत्रे टप्प्याटप्प्याने बदला, असा आदेश दिला होता. तोही सरकारी यंत्रणेचाच भाग ना?

आता उलट्या बाजूचा उत्साह. हे वाचून एखादी शाळा व्यवस्थापन समिती रविवारी श्रमदान काढेल, तरुण मंडळ वर चढेल, पत्रे खाली फेकतील. त्यापेक्षा ते तिथेच राहिलेले बरे. पत्रा ओला करून, बोल्ट कापून किंवा सोडवून, अख्खा उतरवायचा, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळायचा, मुलं सुटीवर असताना. तोंडाला रुमाल चालत नाही, कापडी मास्कही नाही. खाली पडलेलं ओल्या फडक्याने पुसायचं, झाडू बाजूला.

वर्गखोलीचा निर्लेखनाचा, म्हणजे ती मोडीत काढण्याचा, प्रस्ताव जातो तेव्हा जुन्या सामानाचा लिलाव होतो, आणि तेच पत्रे गावात कुणाच्या तरी गोठ्यावर चढतात, तुकडे रस्त्याच्या खड्ड्यात जातात. मुख्याध्यापकांनी प्रस्तावातच लिहावं की पत्रे लिलावात धरू नयेत, धोकादायक कचरा म्हणून त्यांची वेगळी विल्हेवाट लावावी. पोषण आहाराच्या किचन शेडवरचे पत्रेही त्यात मोजावेत, ते नेहमी राहून जातात, आणि त्याखाली स्वयंपाक करणाऱ्या ताई रोज कितीतरी तास असतात. नवं छप्पर घालताना ‘सिमेंट शीट’ एवढंच लिहिलेलं कोटेशन परत पाठवावं. अ‍ॅस्बेस्टॉस नसलेले फायबर सिमेंटचे पत्रे बाजारात मिळतात, पण तसं लेखी मागितल्याशिवाय दुकानदार स्वस्तातलेच देणार.