मार्चच्या गुलमर्गला जीन्स का नको : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मार्चअखेर गुलमर्गला स्कीइंगसाठी काय कपडे न्यावेत, या लेखावरची तुमची सविस्तर प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : त्या दिवसांत ऊन इतकं असतं की लोक टी-शर्टवर स्की करतात, मग तीन थरांचं स्तोम कशाला? जीन्स, घरातलं जाड जॅकेट आणि गुलमर्गच्या पायथ्याशी टनमर्गला भाड्याने मिळणारा कोट-गमबूट यावर तुमच्या ओळखीच्या अनेकांचं भागलंय. आणि असले लेख वाचून मध्यमवर्गीय माणसाला वाटतं की हा खेळ आपल्या खिशाचा नाही. शेवटी तुम्ही दहा वर्षांच्या लेकीसाठी काय घ्यावं हेही विचारलंय.

खर्चाचं आधी बोलू, कारण तो मुद्दा मला मनापासून पटतो. स्की, बूट, काठ्या, हेल्मेट, वरचं जलरोधक जॅकेट आणि पॅन्ट हे सगळं गुलमर्गमध्येच भाड्याने घ्या. वर्षातून चार दिवस लागणाऱ्या वस्तूंवर पैसे घालवू नका. अंगालगतच्या थरालाही महागडी मेरिनो लोकर लागतेच असं नाही. मुलांची क्रिकेटची किंवा पळायला जाताना घालतो ती पॉलिएस्टरची घट्टशी जर्सी उत्तम चालते. त्यावर पातळ फ्लीस, म्हणजे मऊ लवदार कृत्रिम कापडाचा स्वेटर, तो बहुतेक घरांत असतोच. झाले दोन थर. तिसरा भाड्याचा.

पण जीन्सच्या बाबतीत मी एक पाऊलही मागे घेणार नाही.

वसंतातला बर्फ दिवसभर एकसारखा राहत नाही. रात्री तो गोठतो, सकाळी वर कडक कवच असतं आणि स्कीची धार त्यावर खरखरते. दहा-अकराला वरचा थर सैल होऊन दाणेदार होतो. स्की शिकायला सगळ्यात छान वेळ हीच. दुपार झाली की त्याच उतारावर भुसभुशीत, पाणीदार लगदा. नवशिका माणूस पडतो, आणि पडायलाच हवं. पडला की उठायला वेळ लागतो, कारण पायात लांबलचक पट्ट्या अडकलेल्या. शिवाय ड्रॅग लिफ्टची, म्हणजे स्कीवर उभ्या माणसाला उतारावरून वर ओढत नेणाऱ्या दोराची, रांग लागली की लोक बर्फातच बसकण मारतात. जानेवारीचा कोरडा भुगा झटकला की पडतो. मार्चअखेरचा बर्फ कापडाला चिकटतो आणि अंगाच्या उबेने तिथेच वितळतो. मांडीमागे, गुडघ्यावर आणि बुटाच्या तोंडाशी जीन्सचा निळा रंग आधी गडद होतो. तासाभरात ती पायाला चिकटते आणि गुडघा वाकवणं जड जातं. उन्हात हे जाणवत नाही. ऊन डोंगराआड गेलं की जाणवतं. पाणी हवेपेक्षा जवळजवळ पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेतं, त्यामुळे शून्याच्या वर पाच अंश तापमान असलं तरी ओला माणूस कुडकुडतो. पावसाळ्यात हरिश्चंद्रगडावर जीन्स घालून गेलेल्याची उतरताना काय गत होते ते आपण पाहतोच, इथे पाणी नुसतं आणखी गार.

ओलं सुती कापड अंगावर नको, हा जीन्सचा नियम बनियनलाही लागू आहे, आणि याकडे आपलं हमखास दुर्लक्ष होतं. आपण सवयीने आत सुती बनियन घालतो आणि त्यावर चांगलं थर्मल चढवतो. स्की करताना घाम भरपूर येतो. तो घाम सुती कापड धरून ठेवतं, आणि वरच्या थर्मलला करायला काही उरतच नाही. बनियन हॉटेलवर ठेवा.

जाड जॅकेटवरचा माझा आक्षेप वेगळा आहे. ते घालून तुम्ही वर चढता, घामाघूम होता, मग चेन उघडता, मग वारा लागतो. ते एकच असल्याने तुमच्याकडे दोनच पर्याय उरतात, उकडणं किंवा काकडणं. शिवाय ते पिसांचं असेल तर ओलं झाल्यावर पिसांचे गोळे होतात आणि ऊब जाते. गुलमर्गचं मैदान सुमारे २,६५० मीटरवर आहे. गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, दुसरा टप्पा तुम्हाला अफरवट डोंगराच्या खांद्यावर, सुमारे ३,९५० मीटरवर नेऊन सोडतो. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश धरले तर खाली-वर आठ-एक अंशांचा फरक पडतो, आणि वारा वेगळाच. खाली टी-शर्टवर फिरणारा माणूस तुम्ही पाहिलात हे खरंच आहे. त्याच्या पाठपिशवीत काय होतं, तेही पाहायला हवं होतं.

टनमर्गच्या गमबुटांबद्दल : बर्फात चालायला, घसरगाडीवर बसायला जरूर घ्या. स्कीला वेगळे कडक बूट लागतात आणि ते स्कीबरोबरच भाड्याने मिळतात. त्यात गुडघ्यापर्यंतच्या पातळ मोज्यांचा एकच जोड घाला. दोन जोड घातले की चुण्या पडतात, फोड येतात, रक्त नीट फिरत नाही आणि पाय उलट जास्त गार पडतात. थर्मलची पॅन्टही बुटाच्या वरच संपू द्या. फेरन, म्हणजे काश्मिरी घोळदार झगा, चालताना फार सुखाचं असतं, पण स्की करताना नको, कारण त्याचा घेर लिफ्टमध्ये अडकू शकतो. लांब मफलर किंवा ओढणीचंही तेच.

आता ज्या खर्चात काटकसर करू नये असं मी म्हणतो, तो सगळ्यात छोटा आहे : डोळे आणि कातडी. ताजा बर्फ ऐंशी टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परत फेकतो, आणि दर हजार मीटर उंचीला ती साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. म्हणून ऊन खालूनही लागतं. हनुवटीखाली, नाकपुड्यांच्या कडांना, कानांच्या पाळ्यांना क्रीम लावा आणि दर दोन तासांनी पुन्हा लावा. भाड्याचा ओरखडे पडलेला गॉगल घेऊ नका. स्वतःचा घ्या, आणि त्यावर एस-३ लिहिलेलं बघा. ही काच आठ ते अठरा टक्केच प्रकाश आत सोडते. बर्फावरच्या उन्हाने डोळे भाजतात त्या हिमांधतेचा त्रास लगेच कळत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपू लागतं.

लेकीसाठी : वरचे कपडे भाड्याने, पण तिच्या मापाचे मिळेपर्यंत दोन-तीन दुकानं फिरा. बाही मनगटावर घट्ट बंद होते ना, ते स्वतः बघा. आत पॉलिएस्टरची जर्सी आणि फ्लीस. लोकरी माकडटोपी हेल्मेटखाली बसत नाही, त्याऐवजी पातळ कानटोपी आणि गळ्यात ओढून घ्यायची नळीसारखी पट्टी द्या. हातमोजे मात्र जलरोधक हवेत, आणि दोन जोड न्या, कारण मुलं पडली की आधी हात टेकतात आणि मग बर्फाचे गोळे करत बसतात. पहिला जोड दुपारच्या आत भिजेल. तो खोलीतल्या बुखारीवर, म्हणजे खोली गरम करणाऱ्या शेगडीवर, टाकू नका, कातडं तडकतं आणि कृत्रिम कापड वितळतं. दोरीवर, बुखारीपासून हातभर लांब टांगा. रात्रीत वाळतो.