मांडीवरचे दोन प्रवासी

दोन वर्षांच्या आतल्या मुलाला विमानात वेगळी खुर्ची घ्यावी लागत नाही, ते आईबापाच्या मांडीवर बसून जातं आणि परदेशी प्रवासात त्याचं भाडं बहुतेक ठिकाणी दहा टक्क्यांच्या आसपास पडतं, हा शोध नवऱ्याला पहाटे तीन वाजता लागला. त्या वेळी सहा आठवड्यांची धाकटी त्याच्या खांद्यावर होती आणि थोरला माझ्या पोटावर आडवा. कुणी चंद्रावर चला म्हटलं असतं तरी ‘तिथे झोपायला मिळेल का’ एवढंच मी विचारलं असतं.

“याला दोन पूर्ण व्हायच्या आत जाऊन आलं पाहिजे,” नवरा म्हणाला. “नंतर परवडायचं नाही.”

तिकिटं काढताना कळलं की थोरल्याचा दुसरा वाढदिवस आमच्या आठ दिवसांच्या सहलीत चौथ्या दिवशी येतो. जाताना तो मांडीवर चालेल, येताना मात्र त्याला स्वतःची खुर्ची. “अहो, चारच दिवसांनी मोठा होतोय तो,” नवरा फोनवर कळवळून सांगत होता. पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही, पण नवऱ्याने मुकाट्याने कार्ड काढलं.

मग धाकटीचा पासपोर्ट. फोटोला पांढरी पार्श्वभूमी हवी, डोळे उघडे हवेत, तोंड मिटलेलं हवं आणि तिला धरणारा हात फोटोत दिसता कामा नये. दोन महिन्यांच्या बाळाचे डोळे उघडतात तेव्हा तोंडही उघडतं, आणि तोंड मिटतं तेव्हा डोळेही. तिला पांढऱ्या चादरीवर निजवून नवरा स्टुलावर चढून फोटो काढत होता, मी खाली बसून खुळखुळा वाजवत होते, आणि थोरला दर फोटोत आपला एक पाय घालत होता. शेवटी जो फोटो मंजूर झाला त्यात ती लोकांचे पैसे बुडवून फरार झालेल्या इसमासारखी दिसते. लहान मुलांचा पासपोर्ट साधारण ५ वर्षं चालतो. म्हणजे पाच वर्षांची, दोन वेण्या घातलेली मुलगी काउंटरवर उभी राहणार आणि अधिकारी तो फोटो तिच्या शेजारी धरून खात्री करणार!

सामानाचा हिशोब मी केला. धाकटीला दिवसाला नऊ डायपर, थोरल्याला पाच. आठ दिवसांचे झाले ११२. “अगं, तिथेही बाळं जन्मतात,” नवरा म्हणाला. “साठ घेऊ, बाकीचे तिथे घेऊ.” हे वाक्य मी तारीखवार लक्षात ठेवलं.

विमानतळावर हिशोब हातांचा असतो. माणसं चार, आणि कामाचे हातही चारच. एक धाकटीला, एक थोरल्याच्या मनगटाला, एक पासपोर्टांना, एक बाबागाडीला. नाक खाजलं तर खाजू द्यायचं. तपासणीला बाबागाडी मिटून यंत्रातून पाठवायची असते, म्हणजे आधी तिच्यातलं बाळ, पिशवी, पांघरूण आणि खाली लपलेला अर्धा बिस्किटाचा तुकडा, सगळं बाहेर. द्रवपदार्थांचा १०० मिलिलिटरचा नियम २००६मध्ये आला. बाळाच्या दुधाला त्यातून सूट आहे, पण त्या बाटल्या वेगळ्या काढून दाखवाव्या लागतात. कोणत्या हाताने, ते नियमात लिहिलेलं नाही. तेवढ्यात थोरल्याचं अस्वल सरकत्या पट्ट्यावरून यंत्राच्या तोंडात गेलं आणि त्याने असा टाहो फोडला की आजूबाजूचे लोक आमच्याकडे वळून पाहू लागले. अस्वल पलीकडून सुखरूप बाहेर आलं. मग ते पुन्हा आत पाठवा म्हणून रडणं सुरू झालं.

विमानात आम्हाला शेजारी बसता येईना. तीन खुर्च्यांच्या डोक्यावर ऑक्सिजनचे मास्क सहसा चार असतात, त्यामुळे तीन खुर्च्यांत मांडीवरचं बाळ एकच चालतं. आमची तर दोन. मग वाटेच्या अलीकडे मी आणि धाकटी, पलीकडे नवरा आणि थोरला. हे कळल्यावर माझा चेहरा पडला होता, असं मी अजूनही सगळ्यांना सांगते.

विमान चढताना-उतरताना कानाला दडे बसतात. गिळलं की कानातली नळी उघडते, म्हणून बाळाला त्या वेळी पाजावं. धाकटी शहाण्यासारखी प्यायली. रडल्यानेही दडे सुटतात. थोरल्याने तो उपाय निवडला. त्याचे कान मोकळे झाले, आजूबाजूच्यांचे बसले.

धाकटीसाठी समोरच्या भिंतीला अडकवायचा पाळणा मिळाला होता. त्याचा नियम असा, की पट्टे बांधायचा दिवा लागला की बाळाला उचलून मांडीवर घ्यायचं. तिचा डोळा लागला की दिवा लागायचा. पाचव्यांदा तसं झालं तेव्हा मला खात्री पटली, की तिच्या पापण्यांपासून वैमानिकापर्यंत तार ओढलेली आहे.

त्या देशाचं नाव मी लिहीत नाही. त्याच्यावर उगाच अन्याय नको, आम्ही त्याच्याकडे नीट पाहिलंच नाही. घड्याळ पाच तास मागे होतं. धाकटीला काही फरक पडला नाही, कारण रात्र नावाची गोष्ट तिने घरीही अजून मान्य केली नव्हती. थोरला मात्र घरच्या साडेसातला, म्हणजे तिथल्या रात्री अडीचला, ताजातवाना उठून बसे. शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण एक तास सरकतं म्हणतात. तो पाचव्या-सहाव्या दिवशी जागेवर आला. आठव्या दिवशी परतीचं विमान होतं.

अडीचला उठलेल्या मुलाला नेणार कुठे? लिफ्टमध्ये. नवरा त्याला घेऊन सकाळ होईपर्यंत वर-खाली करायचा. परिणाम असा झाला की राजवाडा, संग्रहालय, मनोरा, जिथे जाऊ तिथे थोरला आधी लिफ्ट शोधू लागला. मनोऱ्याच्या माथ्यावरून म्हणे सगळं शहर दिसतं. आम्ही तिथे सहा वेळा पोचलो आणि सहा वेळा दार बंद झालं.

वाढदिवसाच्या दिवशी, अपेक्षेप्रमाणे, डायपर संपले. “आणतो की,” म्हणून नवरा गेला आणि पाकीट घेऊन विजयी मुद्रेने परतला. वरची लिपी दोघांनाही वाचता येत नव्हती, पण किलोचे आकडे थोरल्याच्या वजनाशी जुळत होते. पाकिटावर निळा मासा होता, हसत होता.

“मासा का आहे?” मी विचारलं.

“मुलांना आवडतो,” नवरा म्हणाला.

थोरल्याला नवे कपडे घातले, त्याने वाढदिवसाचं म्हणून दोन पेले सरबत रिचवलं आणि आम्ही सहाव्या मजल्यावरून खाली निघालो. लिफ्टमध्ये एक वयस्कर जोडपं होतं, कुठल्याशा समारंभाला निघालेलं. बाईंचा झगा जमिनीला टेकत होता. थोरल्याने शिरताशिरताच सगळी बटणं दाबली. पाचव्या मजल्यावर दार उघडलं, कुणी नव्हतं. चौथ्यावर उघडलं, कुणी नव्हतं. आणि तिसऱ्याच्या वाटेवर थोरला खाली बघून आनंदाने ओरडला, “पाणी!”

पोहण्याचे डायपर नावाचा एक प्रकार असतो. ते पाण्यात फुगू नयेत म्हणून मुद्दाम काहीही शोषून घेत नाहीत. फक्त घट्ट ऐवज अडवतात. हे ज्ञान मला नंतर झालं. त्या क्षणी बाईंनी शांतपणे झगा घोट्याच्या वर उचलला. मग आम्ही सगळी मोठी माणसं दारावरच्या आकड्यांकडे बघत उभे राहिलो. तिसरा. दार उघडलं. दुसरा. दार उघडलं. इतका लांबचा प्रवास मी विमानातही केला नव्हता. तळमजल्यावर ते गृहस्थ उतरताना नवऱ्याच्या खांद्यावर थोपटून गेले. त्यांनाही नातवंडं असावीत.

येताना थोरल्याची स्वतःची खुर्ची होती, खिडकीची, मोजून पैसे दिलेली. विमान सुटेपर्यंत त्याला पट्ट्याने बांधून ठेवायला नवऱ्याचे दोन आणि माझा एक हात लागला. पट्ट्याचा दिवा विझताच तो बापाच्या मांडीवर चढला, तोंड उघडं टाकून झोपला आणि त्याला हलवायची कुणाची हिंमत झाली नाही. धाकटी माझ्या अंगावर. रिकाम्या खुर्चीत मी अस्वलाला बसवलं आणि सुटलेल्या एका हाताने त्याला पट्टाही बांधला.

दिवे मंद करत येणारी एअर होस्टेस तिथे थांबली. तिने अस्वलाकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

“तिकीट आहे त्याचं,” नवरा म्हणाला.